यशूच्या आईची गाडी

गाडीला पाया नसतो, ही गोष्ट रंभाजी मिस्त्रीला साठी उलटून गेल्यावर उमगली.

उभा जन्म त्यानं ठाण मांडून बसणाऱ्या वस्तू बांधल्या. तिसगावच्या पंचक्रोशीत त्याच्या हातची घरं होती, शाळेची भिंत होती, विहिरींची कडी होती, ओटे, उंबरे, जनावरांचे हौद होते. आधी खोदायचं, मग भरायचं, मग चढायचं. मातीचा कल विचारल्याशिवाय तिच्या अंगावर वीट ठेवायची नाही, हा त्याचा धर्म. आणि आज सकाळी पुढ्यात होती पालथी घातलेली परात. परातीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर चॉकलेटी रंगाचे दोन चौकोनी केक. त्यातून त्याला गाडी उभी करायची होती. जी जागेवर थांबत नाही ती. जी माणसं भरून घेऊन जाते ती.

"अवं, नुसतं बघत काय बसलाय?" चांगुणाबाई सुपातली ज्वारी पाखडता पाखडता म्हणाली. "ह्या घरात लगनाला मुहूर्त बघितला न्हाई तुमी, अन् आता केकाला बघताय व्हय?"

"इचार करतोय."

"इचार दिवाळीत करायचा हुता. शबूद देताना."

रंभाजीनं परात जराशी फिरवली. बायकोचं बोलणं म्हणजे गवंड्याचा ओळंबा. लोंबकळत राहतो, पण भिंत कुठं वाकडी गेली ते बरोबर दाखवतो.

दिवाळी सरली तशी फाट्यावर ऊसतोडीची गाडी लागली होती. लाल तोंडाची, निळ्या ताडपत्रीची ट्रक. मुलगा सचिन आणि सून जया दरसाल जायचे, कोल्हापूरकडं, कारखान्यावर. नात यशू जन्मली तशी तीही त्यांच्याबरोबर जायची. उसाच्या पाचटावर रांगली, कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या, दारात चालायला शिकली. यंदा तिचं नाव पहिलीत घातलं, म्हणून तिला आजी-आजोबांपाशी ठेवायचं ठरलं. ठरवलं मोठ्यांनी. पोरीला कुणी विचारलं नाही.

गाडीत संसार चढला. पत्र्याची पेटी, हंडे, उलटी टाकलेली खाट, कोंबड्यांचं डालगं, एक शेळी. रंभाजीनंच सगळं हातानं रचलं, एकावर एक, सांधा साधून, वाटेत काही ढळू नये म्हणून. मग माणसं चढली. जया गाडीच्या मागच्या फाळक्यापाशी बसली, आणि यशूनं खालून फाळक्याची साखळी धरली. दोन्ही हातांनी. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, टोळीतली माणसं ओरडतायत, "पोरीला धरा, पोरीला धरा", जया तोंडाला पदर लावून दुसरीकडंच बघतेय. रंभाजीनं एकेक बोट सोडवून पाहिलं. एक सुटलं की दुसरं घट्ट व्हायचं. लेकराच्या बोटात एवढं बळ कुठून येतं!

तेव्हा तो म्हणाला होता, "यशू, सोड बाळा. तुझ्या वाढदिसाला हीच गाडी आईला घिऊन यील. आबाचा शबूद हाय."

त्या शब्दानं बोटं सुटली.

गाडी गेली. फाट्यावर धूळ तेवढी उरली. संध्याकाळी चांगुणाबाई चुलीपुढं बसून आपल्याआपण गुणगुणत होती, जुन्या चालीवर नवे शब्द बसवत:

*लाल गाडी गेली बाई, माळाच्या पल्याड*
*माझ्या जयाचं काळीज, राहिलं अल्याड*

तेव्हापासून यशू शाळेतून आली की दप्तर खाली ठेवायच्या आधी विचारायची, "आबा, वाढदिवस किती लांब हाय?" आणि रंभाजी म्हणायचा, "शाळू गुडघ्याला लागू दे." मग म्हणायचा, "शाळू कमरेला लागू दे." शाळू वाढत गेला. कणसं आली, दाणा भरला, हुरड्याचे दिवस आले. थंडीनं सकाळी हातपाय काकडायला लागले. वाढदिवस आठवड्यावर आला आणि जयाचा फोन आला.

"मामा, म्या मुकादमाला इचारलं. त्यो न्हाई म्हनतो. अर्धा कोयता चालत न्हाई म्हनतो."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळी बांधायची. एक गेला की दुसऱ्याचाही हात थांबतो, आणि त्या दोघांपायी टोळीची गाडी भरायची थांबते. हे रंभाजीला ठाऊक नव्हतं असं नाही. शब्द देताना मात्र त्यातलं काही आठवलं नव्हतं. आठवलं असतं तरी बोटं सोडवायला त्याच्यापाशी दुसरं काय होतं?

"यशूला कोन सांगनार गं?" त्यानं विचारलं.

"म्या सांगते, मामा. तिला द्या फोन."

यशूनं फोन घेतला. अर्धा तास माय-लेकी बोलल्या. शेळीला पिल्लू झालं, बाईंनी वहीत शाबासकी लिहिली, आजीच्या दाताला ठणका लागला, सगळं बोलून झालं. फोन परत रंभाजीच्या हातात आला तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "सांगितलंस?"

पलीकडं जरा वेळ नुसता वारा वाहत होता. उसातला, सळसळता.

"न्हाई झालं, मामा."

मग आणखी कुणाकडूनच झालं नाही.

आणि त्या न होण्यातूनच रंभाजीला ती कल्पना सुचली. आपण काय म्हणालो होतो? गाडी आईला घेऊन येईल. आई येणं आपल्या हाती नाही. पण गाडी? गाडी तरी येऊ शकते. अख्खा शब्द पाळता येत नसेल तर निम्मा पाळावा. पडक्या घराची एक भिंत उभी राहिली तरी तिच्या आडोशाला माणूस बसतं.

तिसगावच्या बाजारात केकच्या दुकानातल्या पोरानं मोबाईलवर त्याला शंभर केक दाखवले. बाहुली, मांजर, विमान, मोटार. "ट्रक पाहिजे," रंभाजी म्हणाला. पोरानं ट्रकचा केक काढून दाखवला. पिवळा होता, हसऱ्या तोंडाचा, डोळे मिचकावणारा.

"असा नगं. लाल तोंडाचा. मागं निळी ताडपत्री. वर उलटी खाट, हंडा, कोंबड्यांचं डालगं."

"बाबा, वाढदिवसाचा केक करायचाय का घर खाली करायचंय?" पोरगं हसलं.

रंभाजी पायऱ्या उतरला.

मग तो गेला कृपा मॅडमकडं. मॅडम शाळेत शिकवायच्या, चर्चच्या मागं राहायच्या. नाताळात त्यांच्या घराबाहेर केकचा वास रस्त्यापर्यंत यायचा. त्यांचा स्वयंपाकाचा ओटा रंभाजीनंच बांधला होता. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि म्हणाल्या, "रंभाजी काका, केक मी भाजून देते. मलई देते, रंग देते. पण गाडी मला यायची नाही. ती तुम्ही पाहिलीये, मी नाही पाहिली. ती तुम्हीच करा."

"मला यील?"

"भिंतीला गिलावा करता ना? हात तोच."

आज सकाळी यशूला शाळेत न्यायला आल्या तेव्हा मॅडमनी डबे उतरवले आणि नीट समजावून सांगितलं. चाकं म्हणून काळी बिस्किटं बाजूला चिकटवा. मलईचा आधी पातळ हात द्या, तो बसू द्या, मग दुसरा. आणि जाता जाता, चप्पल पायात घालता घालता म्हणाल्या, "काका, ओलावा मी दिलेला आहे. आता केकाला पाणी दाखवू नका हं."

आता घरात दोघंच होती. रंभाजीनं नवी थापी काढली. जुनी काढली होती तेव्हा चांगुणाबाईनं कपाळावर हात मारला होता. "ह्याच थापीनं निम्म्या गावाचं संडास बांधलं न्हवं तुमी? अन् तीच लेकराच्या तोंडाला लावता?" म्हणून नवी आणली, उकळत्या पाण्यातून काढली.

सुरीनं त्यानं केक कापले. एका तुकड्याचं तोंड, त्याच्यामागं बसायची जागा कोरून काढलेली, मागं लांब हौदा. डोळ्यापुढं ती फाट्यावरची गाडी लख्ख उभी होती. तिचा उजवा दिवा जरा चेपलेला होता तोसुद्धा. हात चालू लागला तसं त्याला बरं वाटलं. हातानं काम धरलं की मन त्याच्या मागं मुकाट चालतं, बैलामागं वासरू चालावं तसं.

पण मलई लावायला घेतली आणि काम अडलं. थापी फिरवावी तर केकाचा भुगा मलईला चिकटून वर यायचा. लाल मलईत काळे कण. पातळ हात दिला, तोही तसाच. परत दिला, परत भुगा. खिडकीतून थंडीचं कोरडं वारं येत होतं, आणि कापलेली बाजू त्याला भेगाळल्यासारखी दिसायला लागली.

रंभाजीनं थापी खाली ठेवली. हे दुखणं त्याच्या ओळखीचं होतं. भिंत कोरडी असली की गिलावा धरत नाही. भिंत गिलाव्यातलं पाणी ओढून घेते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. त्यासाठी आधी भिंत भिजवावी लागते. त्याच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक पोराला त्यानं पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. मिस्त्रीची अर्धी अक्कल थापीत आणि अर्धी बादलीत.

मॅडमचे शब्द कानात होते, नाही असं नाही. पण मॅडम पुस्तकाच्या बाई. भिंतीची तहान त्यांना काय ठाऊक?

तांब्यातल्या पाण्यात साखर विरघळवली, नवा कुंचला बुडवला आणि त्यानं केकावर शिंपडलं. केक पाणी प्याला. डाग दिसतो न दिसतो तोच नाहीसा झाला. पुन्हा शिंपडलं. पुन्हा प्याला. "बघ," तो चांगुणाबाईला म्हणाला, "कसा तहानेला हुता!"

"मॅडम काय म्हनल्या हुत्या?"

"मॅडमचा ओटा वीस वर्सं झाली, चिरला का कुठं?"

 ओटा खरंच चिरला नव्हता.

आणि मग मलई बसली. काय बसली म्हणता! लोण्यासारखी पसरली, काचेसारखी चमकली. रंभाजीनं लाल तोंड घोटून काढलं, कडा सुरीनं तासल्या, निळी ताडपत्री घड्यांसकट ओढली. फाळक्याला शेंगदाण्याची चिक्की उभी केली. काड्या बांधून खाट केली, पालथी टाकली. चांगुणाबाई सूप बाजूला सारून कधी जवळ सरकली ते तिचं तिलाही कळलं नाही. राजगिऱ्याचे लाडू चेपून तिनं हंडे केले. मलईच्या ठिपक्यांच्या तीन कोंबड्या केल्या, आणि एकीला तुरा काढता काढता हसली. "ही तुमच्या लेकाची लंगडी कोंबडी."

"उजवा दिवा जरा चेप."

"चेपला."

दोघं मागं सरून बघत राहिली. गाडी फाट्यावर उभी होती. आता हॉर्न वाजवेल अशी.

"अन् जया कुठं बसवली? सचिन?" चांगुणाबाईनं विचारलं.

रंभाजीचा हात थापीवर थांबला. "मानसं मला यायची न्हाईत गं. मी आपल्या भिंती बांधल्या. मानसं आपल्या पायानं आत आली."

बसायची जागा रिकामीच राहिली. माश्या बसू नयेत म्हणून त्यांनी धुतलेलं डालगं केकावर पालथं घातलं, वर ओलं फडकं टाकलं, आणि सगळं घरातल्या थंड कोपऱ्यात सरकवून ठेवलं. दुपारभर कुणी उघडून पाहिलं नाही. बसलेल्या गिलाव्याला सारखं हात लावू नये, हेही रंभाजीच शिकवायचा.

यशू शाळेतून आली ती उड्या मारतच. दोन वेण्या, त्यांना नव्या रिबिनी. उंबऱ्यातच थांबली.

"आबा, आली का गाडी?"

रोजच्यासारखा तो प्रश्न नव्हता. रोज ती विचारायची तेव्हा तिला उत्तर ठाऊक असायचं. आज तिनं आधी रस्त्याकडं पाहिलं, मग घरात डोकावलं, मग मोरीत, मग दाराच्या मागं. आई लपून बसली असेल तर.

"यील," रंभाजी म्हणाला. "दिस मावळायच्या आत यील."

"आईबी?"

"आधी तोंड धू. नवा फ्राक घाल."

चांगुणाबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्याला खाली बघावं लागलं.

संध्याकाळी वस्तीवरची पोरं जमली. कृपा मॅडम आल्या, हातात मेणबत्ती आणि रंगीत टोपी घेऊन. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं चांगुणाबाईनं दिवा लावला, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. डालगं पोरांच्या मधोमध आणून ठेवलं. सुरीला यशूच्याच जुन्या रिबिनीचा तुकडा बांधलेला होता.

"डोळे मिट," रंभाजी म्हणाला. "आबानं शबूद दिल्ता ना? गाडी आली बघ."

यशूनं डोळे घट्ट मिटले. तोंडभर हसली. इतकी हसली की एक क्षण रंभाजीला वाटलं, डालगं उचलूच नये. पोरीला असंच बसू द्यावं, डोळे मिटून, गाडी आलेली.

त्यानं डालगं उचललं.

गाडी बसली होती. पुढून पार बसली होती. लाल तोंड खाली झुकून पुठ्ठ्याला टेकलं होतं. पुढची दोन चाकं अर्धी आत गेली होती. आतून पाझरलेलं काळंभोर पाणी चाकांभोवती, फाळक्याखाली, सगळीकडं साचलं होतं. ताडपत्री एका अंगाला घसरली होती, आणि खाट, हंडे, कोंबड्या त्या घसरणीत एकमेकांवर कलंडल्या होत्या. फक्त उजवा दिवा जागेवर होता, चेपलेला.

कृपा मॅडमनी केकाकडं पाहिलं, मग भिंतीशी ठेवलेल्या तांब्याकडं आणि कुंचल्याकडं.  त्यांनी हातातली टोपी पाठीमागं धरली.

"ही तर पंक्चर गाडी!" एक पोरगं खिदळलं. "मिस्त्रीबाबाची गाडी पंक्चर!" बाकीची पोरंही हसली. चांगुणाबाईनं डोळे वटारले तशी गप्प झाली.

यशूनं डोळे उघडले होते. ती हसली नाही, रडलीही नाही. गुडघ्यांवर हात टेकून वाकली आणि गाडीच्या बसायच्या जागेत बघू लागली. एका बाजूनं पाहिलं. मग फिरून दुसऱ्या बाजूनं पाहिलं. मग हौद्यात, खाटेच्या खाली.

"आबा, आई कुठंय?"

रंभाजीनं कितीतरी गोष्टी बोलायला तोंड उघडलं. मुकादम म्हणाला, उसाचे दिवस आहेत, अर्धा कोयता चालत नाही, आई मग येईल, पाडव्याला, सगळा ऊस संपला की. सहा वर्षांच्या लेकराला ह्यातलं काय सांगायचं आणि कुठून धरायचं? भिंत असती तर धरली असती. 

यशूची नजर चाकांवर गेली. त्या काळ्या पाण्यावर. तिनं एक बोट बुडवून पाहिलं. आणि तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला. एखाद्याला फार दिवस छळणारी गोष्ट एकदम कळावी तसा.

"गाडी चिखलात रुतली!" ती म्हणाली. "म्हनून आई आली न्हाई व्हय आबा? वाटंत रुतली?"

सगळे रंभाजीकडं बघत होते. चांगुणाबाई, मॅडम, ती पोरं. पोरीनं त्याच्या हातात आयती सुटका ठेवली होती. ती नको म्हणायचं बळ त्याच्यात असायला हवं होतं. जन्मभर विटा उचललेल्या माणसात तेवढं बळ निघालं नाही.

"व्हय," तो म्हणाला.

"मंग ढकलूया की!"

कोपीच्या रानात तिनं हे किती वेळा पाहिलं असेल. उसाची गाडी रुतली की सगळी टोळी मागून खांदा लावते, बाया, माणसं, पोरंसुद्धा. तिनं फ्राकच्या बाह्या वर सारल्या, गाडीच्या मागं गेली आणि दोन्ही तळवे चिक्कीच्या फाळक्याला लावले. "या ना रं! एकट्यानं निघंल व्हय?"

पोरं कशाला थांबतायत! सगळी धावली. कुणी फाळक्याला, कुणी हौद्याला, ज्याला जागा मिळाली नाही तो दुसऱ्याच्या पाठीला. "हैश्या! हैश्या!" इवले इवले हात मलईत कोपरापर्यंत गेले. निळी ताडपत्री बोटांमधून वर आली, लाडवाचे हंडे गडगडले. एकानं लंगडी कोंबडी हळूच तोंडात टाकली, आणि यशूनं त्याला कोपर मारलं. "खाऊ नकं! आधी ढकल!" पुठ्ठा परातीवरून सरकला. गाडी एक बोटभर पुढं गेली. आणि दोन भाग होऊन मोकळी झाली.

"निघाली!" यशू ओरडली. "निघाली, निघाली!"

तेवढ्यात फोन वाजला.

व्हिडिओ कॉल होता. कोपीत रेंज नसते, म्हणून जया कुठल्याशा ट्रॉलीवर चढून उभी होती. मागं मावळतीचं तांबडं आणि उसाचा काळा काठ. तोंडावर दिवसभराची काजळी, डोक्याला फडकं तसंच. "यशू! माझी बाय! मोठी झाली गं माझी..."

"आई, तुझी गाडी चिखलात रुतली हुती ना?" यशूला दम निघत नव्हता. तिनं मलईनं माखलेला पंजा पडद्यापुढं नाचवला. "आमी ढकलली! सगळ्यांनी! निघाली ती! आता तू यशील ना?"

जया हसता हसता थांबली. तिला काही उमगेना. तिनं पोरीच्या डोक्यावरून मागं पाहिलं, मागं उभ्या असलेल्या सासऱ्याकडं. रंभाजीनं मान हलवली नाही, हात हलवला नाही. गाडी सावरायला उचललेली थापी तशीच त्याच्या हातात होती. पण त्याच्या तोंडावर जे काही होतं ते जयानं वाचलं असावं, कारण तिचंही तोंड हळूहळू तसंच झालं. शेकडो कोसांवर दोन माणसं, आणि चेहरा एकच.

"ढकलली व्हय गं?" जया म्हणाली.  "मंग... मंग निघंल आता."

"कवा यशील?"

"लई लांबचा रस्ता हाय, बाय."

"असू दे. आमी जागं राहू."

जयानं पुढं काही म्हटलं की नाही ते कळलं नाही. उसातलं वारं तेवढं ऐकू येत राहिलं, आणि मग तेही तुटलं.

कृपा मॅडमनी पोरांना ओंजळीत केक वाढला. गोड होता, चांगलाच गोड होता, पोरं चाटूनपुसून खात होती. मॅडम निघताना रंभाजीपाशी थांबल्या. "काका, चव बिघडली नाही," एवढंच म्हणाल्या. रंभाजीनं मान डोलवली. चव कुणी विचारली होती?

यशूनं आपला वाटा खाल्ला नाही. चेपलेल्या दिव्याचा तुकडा स्टीलच्या डब्यात घातला, झाकण लावलं. "आईला," म्हणाली. मग आबाच्या हातातली थापी काढून घेतली, फडक्यानं पुसली आणि उंबऱ्याच्या बाहेर नीट आडवी ठेवली.

"ही कशाला गं?"

"वाटंत परत रुतली तर. चिखल काढाय लागंल ना."

ती उंबऱ्यावर बसली. रंभाजी तिच्या शेजारी बसला. त्याच्याच हातचा उंबरा, एवढ्या वर्षांत केसभर हलला नव्हता. माळाच्या पलीकडं डांबरी रस्ता दिसायचा. अंधार पडू लागला तसे एकेक दिवे लागून सरकायला लागले. आत चांगुणाबाई परात घासत होती. परातीचा आवाज थांबला की तिचा आवाज यायचा, बारीक, मोडका:

*चाकाला चिखल बाई, चिखलाला माती*
*माय-लेकराच्या मधी, कोसाच्या गं भिंती*

आता सांगावं, रंभाजीनं ठरवलं. आता, ह्या दिव्याआधी. तो दिवा गेला. बरं, पुढच्या दिव्याआधी.

"आबा, ही का?" यशूनं बोट दाखवलं. घाटाच्या अंगानं एक ट्रक येत होती.

"न्हाई बाळा. ही न्हाई."

ती गेली. दुसरी आली.

"ही?"

"हीबी न्हाई."

यशू सरकून त्याच्या मांडीला टेकली. डबा पोटाशी धरलेला. डोळे रस्त्यावर. दिवा आला की ती मान उंचावायची, आणि तो गेला की पुन्हा वाट बघायची, न कंटाळता. प्रत्येक गाडीला रंभाजी तेवढंच म्हणत राहिला, ही न्हाई, ही न्हाई. दिवाळीपासून तिला दिलेल्या सगळ्या उत्तरांत तेवढंच एक खरं होतं.